फुलचहाचा यथासांग विधी

टोकियोच्या निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथला भाचा सुट्टीत पुण्याला आला की बॅगेतून एक देखणा डबा निघतो. आत सुईसारखी हिरवी चहापत्ती आणि मधूनमधून गुलाबी पाकळ्या. घरातले सगळे आळीपाळीने वास घेतात, "छान आहे हो" म्हणतात आणि डबा शोकेसमध्ये बाहुल्यांशेजारी जाऊन बसतो. दोन वर्षांनी कुणीतरी ती पत्ती दूध, साखर आणि आलं घालून खळखळून उकळतं. मग जपान्यांना चहातलं काही कळत नाही, असा ठराव एकमताने संमत होतो. असे ठराव टळावेत म्हणून ही नियमावली.

पहिली पायरी वैराग्याची. साधकाने दूध फ्रीजमध्ये ठेवावं आणि फ्रीजकडे पाठ करून उभं राहावं. साखरेचा डबा शेजारी नेऊन द्यावा. "निदान वेलदोडा तरी?" असा आवाज आतून येईल, तो अंतरात्म्याचा असो वा सासूबाईंचा, उत्तर न देता पुढे सरकावं.

दुसरी पायरी डब्यावरची बारीक अक्षरं वाचण्याची. डब्यावर 'सकुरा', म्हणजे चेरीचा बहर, असं छापलेलं असतं. पण परदेशी दुकानांत मिळणाऱ्या अशा मिश्रणांत पाकळ्या पुष्कळदा गुलाबाच्या असतात आणि चेरीचा वास बाहेरून लावलेला असतो. यात साधकाने खचून जाऊ नये. कारण खऱ्या चेरीच्या बहुतेक फुलांना ताजेपणी वास जवळजवळ नसतोच! ज्या दरवळाला सकुराचा सुगंध म्हणतात, तो कूमारिन नावाच्या द्रव्याचा. फूल किंवा पान मिठात मुरलं, त्याच्या पेशी फुटल्या, की तो प्रकटतो. वाळत घातलेल्या गवताच्या गोडसर वासातही कूमारिनच असतं. म्हणजे नाक मुरडण्याआधी गवताच्या गंजीला मान द्यावा.

फुलांचा वास पत्तीत उतरवण्याची दुसरीही रीत आहे. चीनमध्ये मोगऱ्याच्या जातीची फुलं चहापत्तीत रात्रभर मुरवतात आणि वास उतरला की फुलं काढून टाकतात. ओकिनावा बेटांवर असाच चहा 'सानपिनचा' म्हणून घरोघरी पितात. मुख्य जपानी बेटांवरचा नेहमीचा हिरवा चहा, म्हणजे सेन्चा, मात्र बिनफुलांचाच. तिथला अभिमान पत्तीच्या हिरवेपणाचा. 1738 मध्ये उजी परिसरातल्या नागातानी सोएन यांनी कोवळी पानं वाफवून, मळून वाळवण्याची रीत बसवली, असं मानतात. वाफेमुळे पान काळं पडायचं थांबतं आणि ताज्या भाजीसारखा वास टिकतो. ज्या हिरवेपणासाठी इतका खटाटोप झाला, तो आपण दहा मिनिटं गॅसवर ठेवून संपवू नये.

आता मुख्य विधी. दोन माणसांसाठी साधारण चार-पाच ग्रॅम पत्ती घ्यावी. पाणी उकळावं आणि मग थांबावं. मराठी स्वयंपाकघरात हे 'थांबणं' सर्वांत अवघड! सेन्चाला 70 ते 80 अंशांचं पाणी लागतं. त्याहून गरम पाण्यात कडवट, तुरट अंश भराभरा उतरतो. पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं की ढोबळमानाने दहा अंशांनी उतरतं. या कामासाठी जपानमध्ये 'युझामाशी' नावाचं खास भांडं असतं. आपल्याकडे यासाठी बशी आहे. फरक एवढाच की आपण झालेला चहा गार करतो आणि ते होऊ घातलेला. बशीवर हात बसलेल्या पिढीने इथे न्यूनगंड बाळगण्याचं कारण नाही.

पाणी पत्तीवर घालून मिनिटभर हात मागे बांधून ठेवावेत. ढवळू नये. पाकळ्या फिरताना बघाव्यात. त्यांची प्रमुख नोकरी तीच. मग थोडा या कपात, थोडा त्या कपात असं आलटून पालटून ओतावं, म्हणजे एकाला पाणी आणि दुसऱ्याला काढा मिळत नाही. शेवटचा थेंबही निथळू द्यावा. सगळ्यात दाट चव त्यातच, आणि किटलीत पाणी उरलं तर त्याच पत्तीची दुसरी खेप कडू होते.

घरात लग्नकार्य असेल तर वेगळं कलम लागू होतं. 'चहा गढूळ करणे' हा जपानी वाक्प्रचार वेळ मारून नेणे या अर्थाचा, त्यामुळे सोयरीक जुळवताना चहा वर्ज्य मानतात. त्याऐवजी मिठात मुरवलेली चेरीची फुलं गरम पाण्यात सोडतात आणि ती कपात उमलतात, हे 'सकुरायु'. कानागावा प्रांतातलं हादानो शहर अशा फुलांसाठी प्रसिद्ध आहे. दुहेरी पाकळ्यांची फुलं एप्रिलमध्ये खुडून मीठ आणि उमे फळाच्या आंबट पाण्यात मुरवतात. वापरण्याआधी मीठ धुऊन टाकावं, नाहीतर वरपक्षाला सरबत समुद्रातून आणल्यासारखं वाटेल. चहा-पोह्यांच्या कार्यक्रमात ही प्रथा आणायची झाल्यास पोह्यांनी घाबरू नये. त्यांच्याविरुद्ध जपानी भाषेत कोणताही वाक्प्रचार ऐकिवात नाही.

उरलेल्या पत्तीचा विषय काढताच मराठी घरात चोथा गुलाबाच्या कुंडीकडे निघतो. त्याला दारात अडवावं. वापरलेली सेन्चाची कोवळी पत्ती सोया सॉस टाकून भाजीसारखी खाण्याची रीत जपानमध्ये आहे. अर्थात सुगंध लावलेल्या मिश्रणाचा चोथा खाऊ नये. त्याला कुंडीच बरी. पाकळ्या निदान माहेरी पोचतात.

राहता राहिला डबा. हिरव्या चहाला हवा, उजेड, ओल आणि शेजारच्या हिंगाचा वास सोसत नाही. एकदा फोडला की महिन्याभरात संपवावा. "चांगले पाहुणे आले की काढू" म्हणून ठेवलेला डबा पाहुणे येईपर्यंत वास विसरतो. तेव्हा आज संध्याकाळीच झाकण उघडा. डबा रिकामा झाला की त्यात जिरं अगदी छान राहतं.