सहाणवाल्या काकू

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कपाळाला हात लावायची सोय नाही. लावलात, की तळमजल्यावर काकू दार अडवून उभ्या. "टणटण, की आवळल्यासारखं?"

अशा काकू प्रत्येक सोसायटीत असतात. आमच्या काकूंकडे सहाणा दोन. देव्हाऱ्यातली देवाच्या चंदनासाठी, ओट्यावरची शेजाऱ्यांसाठी.

निदान मात्र पक्कं. अर्धंच डोकं ठणकत असेल तर बहुधा अर्धशिशी. दोन्हीकडून पट्टा आवळल्यासारखं वाटलं तर ताणाचं. डॉक्टरही हेच विचारतात, फक्त फी घेऊन. काकूंच्या शास्त्रात अर्धशिशीला सूर्योदयाआधी दूध-जिलबी आहे, असं कळल्यावर मी एकदा अर्धंच डोकं दुखवून पाहिलं. काकूंनी माझी मान चाचपली, खांदे दाबले. "मानेच्या दोऱ्या झाल्यात आणि म्हणे अर्धशिशी! सुंठच."

सुंठ रुग्णानेच उगाळायची. मोबाइल फळीवर, आपण पाटावर. वीस मिनिटं उगाळल्यावर चमचाभर लेप निघतो. तो कोमट करून कपाळावर. एकदा चुणचुणत्या कपाळानं तसाच ऑनलाइन मीटिंगला बसलो. साहेबांनी हळूच विचारलं, "घरी काही कार्य आहे का?"

तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना हे पटत नाही. "पुरावा हवा तर पेपरमिंटच्या तेलाला आहे," त्या म्हणाल्या. "1996 साली जर्मनीतल्या चाचणीत कपाळाला लावलेलं 10 टक्क्यांचं तेल 1000 मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या तोडीचं ठरलं."

काकूंनी सुंठीचा तुकडा खाली ठेवला. "उशीरच झाला हो त्यांना. आमच्या मुंबईत अमृतांजन 1893 सालीच निघालं."

खरं सांगायचं तर माझं डोकं लेप लागायच्या आधीच, उगाळता उगाळताच उतरतं. सुंठीवाचून खोकला जातो, तशी माझी डोकेदुखी मोबाइलवाचून जाते. पण हे काकूंना सांगायची छाती नाही.

मागच्या पावसाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या आजोबांचं डोकं एकाएकी फुटल्यासारखं दुखू लागलं, उलटीही झाली. त्यांच्या सूनबाई धावत काकूंकडे आल्या. काकूंनी सहाणेला हातसुद्धा लावला नाही. "हे माझ्याकडचं नव्हे," म्हणत आधी रिक्षा थांबवली आणि आजोबांना इस्पितळात पोचवूनच घरी आल्या.

आपली सहाण कुठे संपते हे जिला कळतं, तिच्याकडून कपाळ माखून घ्यायला माझी हरकत नाही.