दोनबुटे

त्यांचं खरं आडनाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण कुणाच्या तोंडी नाही. सगळे त्यांना दोनबुटे म्हणतात. पायात मात्र बारा महिने स्लिपर. हे बूट संगणकाचे. एकाच यंत्रात विंडोज आणि लिनक्स एकत्र नांदवणं हा त्यांचा छंद. वहिनींच्या मते दुखणं.

कुणाकडे नवा लॅपटॉप आला की तिसऱ्या दिवशी दोनबुटे हजर. खिशात पेनड्राइव्ह.

"काका, डिस्क केवढी?"

"512 जीबी."

"आणि सगळी विंडोजलाच?"

मी धाकट्या भावाचा हिस्सा गिळून बसलोय, असा सूर. त्यापुढची भाषा थेट तलाठ्याच्या कचेरीतली. पार्टिशन म्हणजे वाटणी. थोरल्याकडून 100 जीबी सोडवायची आणि धाकट्याच्या नावावर चढवायची. थोरला सुखासुखी सोडत नाही. 'श्रिंक व्हॉल्यूम' म्हणावं, तर नेमकी मधोमध एखादी फाइल बांधावरच्या म्हसोबासारखी बसलेली. तिला हलवता येत नाही. शिवाय येण्याचा क्रम ठरलेला : आधी विंडोज, मग लिनक्स. उलट केलं तर विंडोज मागून येऊन दाराला स्वतःचं कुलूप घालतं.

"बॅकअप घेतलाय ना?" हेही ते विचारतात, पण एंटर दाबल्यावर.

माझ्या वेळी मध्येच निळा पडदा आला आणि बिटलॉकरची 48 आकडी किल्ली मागू लागला. लॅपटॉप मुलाने लावून दिलेला, त्यामुळे किल्ली त्याच्या खात्यात. मुलगा न्यू जर्सीत. आपल्याकडे दुपारचे साडेबारा, त्याच्याकडे पहाटेचे तीन. झोपेत त्याने 48 आकडे सांगितले आणि "आई बरी आहे ना?" एवढंच विचारलं. दोनबुटे आकडे टिपून घेताना सत्यनारायणाला बसल्यासारखे दिसत होते.

संध्याकाळी उबुंटू नावाचं लिनक्स उभं राहिलं. आता यंत्र चालू केलं की ग्रबची काळी पाटी येते : कोण हवं ते दहा सेकंदांत सांगा. दहा सेकंदांत माझा चष्मासुद्धा सापडत नाही. त्यामुळे मी बहुतेक वेळा उबुंटूत असतो, माझी इच्छा असो वा नसो.

ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर अशा कित्येक दुहेरी यंत्रांत लिनक्स सुरूच होईना. इतरांनी कपाळाला हात लावला. दोनबुट्यांना मात्र तो महिना लग्नसराईचा गेला. बायोसमध्ये शिरून सिक्युअर बूट बंद कर, काहीतरी पुसून परत चालू कर, एका घरून दुसऱ्या घरी. जेवायलाही सापडत नव्हते.

एकदा मी धीर करून विचारलं, "तुम्ही स्वतः काम कशावर करता?"

"विंडोजवर. इन्कम टॅक्स, ऑफिसच्या एक्सेल, सगळं तिकडेच."

"मग लिनक्सवर?"

"ते अपडेट करतो."

उत्तरात चेष्टा नव्हती. गच्चीत तुळस लावणाऱ्याला कोणी विचारतं का, की भाजी कुठून आणता?

परवा सकाळी नऊला मी विंडोज उघडलं, तर कोपऱ्यातलं घड्याळ साडेतीन दाखवत होतं. फोन केला. दोनबुट्यांचा आवाज फुलला.

"छान! म्हणजे रात्री तुम्ही लिनक्स वापरलंत! ते आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तीच आपली समजून वाचतं. साडेपाच तासांचा फरक, बरोब्बर. एका ओळीचं काम आहे, आलोच."

आले. एक ओळ लिहिली, घड्याळ ठिकाणावर आलं. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर त्यांची नजर डिस्कवर.

"काका, धाकट्याच्या हिश्श्यात 60 जीबी पडीकच आहे हो. यात फेडोरा सहज बसेल." दुसऱ्या खिशातून दुसरा पेनड्राइव्ह निघाला.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "ते जेवायला थांबणार असतील तर आत्ताच सांगा. आणि जेवण आपल्या वेळेला की ग्रीनिचच्या?"