किती एमएम?

स्पीकर घेतल्याचं मी तात्यांना सांगितलं नव्हतं. जळकोटात असलं काही सांगावं लागत नाही. सोलापूरहून आणलेली दोन खोकी मी हायवेवर उतरवून घेतली आणि ती घरी पोचायच्या आत तात्या आमच्या ओट्यावर हजर होते. कंपनी कोणती, किंमत किती, वॅट किती, यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही. खोक्यांकडे पाठ करून एवढंच विचारलं, "वायर किती एमएम?"

हे एमएम म्हणजे तारेची जाडी नव्हे. तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटर. तात्यांना ते पक्कं ठाऊक आहे. पण 'चौरस' म्हणण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात समोरचा निसटू शकतो.

पुतणीच्या लग्नात सोनारानं मंगळसूत्र दाखवलं तेव्हा बायका पेंडंट बघत होत्या, तात्यांनी तार चिमटीत धरून तोच प्रश्न विचारला. मांडववाला तर त्यांना लांबून बघूनच आकडा ओरडतो. साऱ्या गावात त्यांचं जमतं ते एका न्हाव्याशी, कारण तिथं खुर्चीत बसल्या बसल्या तोच आपणहून विचारतो, "तात्या, मशीन किती एमएमची लावू?" मागच्या उन्हाळ्यात त्यांची सोनोग्राफी झाली. मूतखडा निघाला. भेटायला गेलो तर वेदनेनं घामाघूम झालेला हा माणूस उशीला टेकून बसला आणि रिपोर्ट पुढं करत म्हणाला, "सहा एमएम, सर. एसीला चालली असती."

तर माझी वायर. दुकानदारानं स्पीकरबरोबर फुकट दिलेली, चौदा-शहात्तर. वायरमनच्या भाषेत याचा अर्थ इंचाच्या दहा हजार भागांपैकी ७६ भाग जाडीच्या, केसासारख्या चौदा तारा. सगळं तांबं एकत्र केलं तर जेमतेम ०.४ एमएम. तात्यांनी ती दोन बोटांत धरली, मेलेल्या उंदराची शेपूट धरावी तशी.

"चार एमएम टाका. पाइप बारीक तर पाणी कमी. शाळेत हेच शिकवता न्हवं?"

"चालतंय की तात्या," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उतरला. काही न बोलता चप्पल घालून निघून गेले. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते चार एमएमचा तुकडा घेऊन आले.

मी पडलो विज्ञानाचा मास्तर. कागद घेतला आणि गणित मांडून दाखवलं. अँप्लिफायरपासून स्पीकरपर्यंत बारा फूट, करंटला जाऊन यायचं म्हणून चोवीस. चौदा-शहात्तरचा एवढ्या लांबीचा रोध होतो ०.३ ओहम. स्पीकर आठ ओहमचा. वायरचा रोध स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत असला की पुरे, हा ढोबळ नियम. आपण चारच्याही आत. चार एमएम टाकून पाव डेसिबलच्या आसपास आवाज वाढेल, तेवढा तर बटणावर माशी बसली तरी वाढतो. तात्यांनी गणित शेवटपर्यंत ऐकलं. मग कागद हातात घेऊन विचारलं, "कागद किती जीएसएमचा?"

हा बाण वाया गेला म्हणून मी अमेरिकेत गेलो. नोएल ली नावाच्या इंजिनियरनं १९७०च्या दशकाच्या शेवटी 'मॉन्स्टर केबल' नावानं जाड स्पीकर वायर विकायला काढली. तोवर तिकडचे लोक टेबललॅम्पची साधी वायर लावून समाधानानं ऐकत होते. पूर्वी लेसरच्या प्रयोगशाळेत काम केलेला हा माणूस वायरीत उतरला आणि गडगंज झाला. बाजार माणसाला कसा नादी लावतो ते तात्यांना कळावं, एवढाच माझा हेतू.

"बगा," तात्या म्हणाले. "शिकलेला माणूस हाय."

शेवटचा बाण देवळाच्या भोंग्याचा. ती वायर अर्ध्या गावातून गेली आहे, सुतळीएवढी, आणि काकड्याला आवाज वेशीपलीकडं जातो. इथं तात्या गप्प झाले. पण माझ्याच हाताखाली शिकलेला वायरमन पोरगा चहा पीत बसला होता, त्याला राहवलं नाही. "सर, ती शंभर व्होल्टची लाइन असते. भोंग्याच्या पोटात बारकं ट्रान्सफॉर्मर असतंय. व्होल्ट वाढवलं की करंट कमी लागतो, मग तार बारीक चालते. टॉवरवरनं लाइट येते तसंच." तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की त्या क्षणी पोराला मी दिलेले सगळे गुण परत घ्यावेसे वाटले.

मग ठरली परीक्षा. तात्या डोळे मिटून बसणार, पोरगा चादरीआड वायर बदलणार, आणि जाड कोणती, बारीक कोणती ते तात्या ओळखणार. गाण्याची निवड त्यांचीच. तुळजापूर इतक्या जवळ, तेव्हा गोंधळाशिवाय दुसरं काय असणार? संबळ, तुणतुणं, झांज. मी मनातल्या मनात विजयाचं भाषण तयार ठेवलं होतं.

पहिली वायर लागली. दहा सेकंदसुद्धा झाले नसतील.

"बारीक. संबळ पळालं."

दुसरी लागली. संबळाचं मोठं तोंड असं घुमलं की ओट्यावरचं मांजर उठून गेलं. "ही आपली चार एमएम." डोळे अजून मिटलेलेच. आणि हे कबूल करायला जड जातं, पण फरक मलाही ऐकू आला होता. पाव डेसिबलचा नव्हे, चांगला ढळढळीत. मी त्या रात्री ओहमचा नियम पुन्हा उघडून बघितला. माझी नोकरीची वीस वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी पोरगा शाळेच्या गेटवर थांबला होता. "सर, एक झालं. चौदा-शहात्तर दोन्ही बाजूंनी सारखीच दिसती. माझ्याच्यानं एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं लागलं होतं." म्हणजे एका स्पीकरचा पडदा पुढं येत होता तेव्हा दुसऱ्याचा मागं जात होता आणि दोघांनी मिळून संबळाचा खालचा स्वर हवेतल्या हवेत खाऊन टाकला होता. जाडीचा यात काही संबंध नव्हता. ओहमचा नियम शाबूत होता.

मी हे तात्यांना आठ महिने सांगितलं नाही. ते गावभर "सर हरले" सांगत फिरत होते आणि हायवेच्या टपरीवर माझ्या चहाचे पैसे देत होते. शेवटी एकदा सांगितलंच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे फरक पडला का न्हाई?"

"पडला, पण..."

"मग?"

या "मग"ला पदार्थविज्ञानात उत्तर नाही.

पुढची गोष्ट पोरानंच सांगितली, आमच्या मीटरचा बोर्ड खोलून बसला होता तेव्हा, सहज. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात, २०१६ साली, तात्यांच्या बोअरला अजून थोडं पाणी होतं. आजूबाजूच्या शिवारात कुणाच्याच नव्हतं. डीपीपासून बोअर हजार फुटांवर. तात्यांना जाड केबल घ्यायची होती. दुकानदारानं दीड एमएम हातात ठेवली आणि म्हणाला, चालतंय की. पैसेही तेवढेच होते. स्पीकरला बारा फुटांत जे कळत नाही ते मोटारीला हजार फुटांत कळतं. आधीच लाइनला व्होल्टेज नाही, त्यातलं वाटेत तारेनं खाल्लं, आणि व्होल्टेज कमी पडलं की मोटार जास्त करंट ओढते, तापते. आठव्या दिवशी वाइंडिंग जळालं. मोटार वर काढायला, भरायला, पुन्हा सोडायला पंधरा दिवस गेले. पाणी खाली होतं आणि वर ऊस वाळत होता.

"तवापासनं," पोरगा म्हणाला आणि बोर्डाचा स्क्रू आवळू लागला.

मी त्यानंतरही तात्यांशी वाद घातलाच. दया आली म्हणून ओहमचा नियम बदलत नाही, आणि दया केलेली त्यांनाही चालली नसती. फक्त "चालतंय की" हे शब्द मी त्यांच्यासमोर वापरायचे बंद केले.

आमच्या भागात 'किती एमएम'चा खरा अर्थ वेगळाच आहे. इथं पाऊसही एमएममध्येच मोजतात. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ एमएम झाला तर अतिवृष्टी, पंचनामा, नुकसानभरपाई. त्याच्या आत झाला तर तो नुसता पाऊस. तुमच्या सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी असलं तरी मोजणार मंडळाचं यंत्र, आणि ढग काही मंडळाची हद्द बघून फुटत नाहीत. एका रात्री तो तात्यांच्या शिवारावर फुटला. त्यांनी अंगणात सरळ कडांचा स्टीलचा डबा ठेवला होता. पहाटे त्यात शाळेची फूटपट्टी घालून मोजलं, ९२. फूटपट्टी माझ्याकडूनच नेलेली.

दुपारी मंडळाचा आकडा आला. संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना विचारलं, "किती एमएम?"

"साडेचौसष्ट."

बराच वेळ कुणी बोललं नाही. चहा आला, निवला. मग म्हणाले, "लावा ते संबळ."

मी लावलं. जाड वायर मी जिन्यातल्या दिव्याला वापरून टाकली होती आणि स्पीकरला पुन्हा चौदा-शहात्तर जोडली होती, प्लस-मायनस नीट बघून. ती त्यांच्या पायाशीच लोंबत होती. त्यांनी ती दोन बोटांत धरली, जराशी फिरवली आणि सोडून दिली.

"चालतंय," तात्या म्हणाले.