डिस्ट्रो कुठला, ते आधी सांगा

लिनक्सदादा ओळखायचा तो लॅपटॉपच्या झाकणावरून. पेंग्विन, डेबियनचा लाल भोवरा, फेडोराचा निळा गोळा अशा स्टिकरांच्या गर्दीत मूळ कंपनीचं नाव पार बुजून गेलेलं असतं. दुसरी खूण म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. त्यात घराची किल्ली, स्कूटरची किल्ली आणि मधोमध एक बूटेबल पेनड्राइव्ह. चहाला बोलवा, त्याला वेळ नसतो. रात्री साडेदहाला ‘अरे, स्क्रीन काळी झाली’ एवढंच म्हणा, वीस मिनिटांत हा दारात चप्पल काढत असतो.

पुण्यात हे पीक जुनंच. २०११ पर्यंत उबुंटूच्या सीड्या मागेल त्याला टपालाने घरपोच मिळायच्या, पैसे शून्य, टपालखर्चही त्यांचाच. पुणेकराला यापुढे वेगळं तत्त्वज्ञान पटवायची गरज नव्हती. त्या पुठ्ठ्याच्या पाकिटांची चळत दादाने अजून जपून ठेवली आहे, सीडी ड्राइव्ह असलेलं यंत्र मात्र घरात एकही नाही.

दादाचा सुगीचा हंगाम सुरू झाला १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ म्हणजे तालेवार स्थळ, त्याला टीपीएम २.० हवं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा तरी हवाच. सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांच्या दहा वर्षांच्या लॅपटॉपची पत्रिका काही जुळेना. यंत्र धडधाकट, पण भंगारात द्यायची वेळ आली. मग कुणीतरी दादाचा नंबर दिला.

“अरे, यावर मेंटेनन्सची बिलं निघतील ना?” एवढंच काकांनी विचारलं.

उत्तर एमआयटीच्या प्रयोगशाळेतून निघालं. तिथे झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर होता, त्यात कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमनला त्याचा प्रोग्राम दुरुस्त करायचा होता, पण सोर्स कोड कुणी देईना. तो संताप साचत गेला आणि १९८३ मध्ये त्याने सोर्स कोड सगळ्यांना खुला ठेवणारा जीएनयू प्रकल्प जाहीर केला. मग १९९१, हेलसिंकी, एकवीस वर्षांचा लिनस टोरवाल्ड्स. आपण गंमत म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, ती काही फार मोठी होणार नाही, असं त्याने जगाला कळवलं होतं. आज जगातले पहिले पाचशे महासंगणक तिच्यावर चालतात. “म्हणून काका, नुसतं लिनक्स म्हणू नका. जीएनयू-लिनक्स म्हणा.”

“म्हणजे निघतील ना बिलं?”

लिनक्सचे अवतार अनेक, त्यांनाच डिस्ट्रो म्हणतात. नवख्या माणसाला लिनक्स मिंट द्यावं, ते विंडोजसारखंच दिसतं, हे दादालाही ठाऊक असतं. पण तो डेबियनचा. इयान मर्डॉकने १९९३ मध्ये प्रेयसी डेब्राचं आणि आपलं नाव जोडून डेबियन केलं, हे ऐकल्यावर मात्र काकांना एकदम घरच्यासारखं वाटलं. त्यांच्या गल्लीत ‘स्मितानिल’ नावाचा बंगला आहे.

इन्स्टॉल झालं आणि काकांच्या हातात टर्मिनल आलं. पासवर्ड टाइप केला, स्क्रीनवर काहीच उमटेना. पुन्हा केला, पुन्हा कोरं.

“कीबोर्ड गेला रे.”

“नाही काका, ते मुद्दाम दाखवत नाही. मागे कुणी उभं असेल तर अक्षरं मोजेल ना.”

“मागे तूच उभा आहेस!”

मिंटमध्ये इथे निदान चांदण्या उमटतात, पण हे सांगणं दादाच्या निष्ठेत बसत नव्हतं. सुडो ही सर्वाधिकार देणारी आज्ञा डेबियनवर पहिल्यांदा वापरली की ती आधी तीन उपदेश करते. दुसऱ्यांच्या खासगीपणाचा मान राखा, टाइप करण्याआधी विचार करा, आणि मोठ्या सत्तेसोबत मोठी जबाबदारी येते. काकांनी ते दोनदा वाचलं आणि मॅनेजिंग कमिटीच्या बैठकीत वाचून दाखवायचं ठरवलं. त्याहून आवडली गाय. ‘एपीटी मू’ असं टाइप केलं की अक्षरांनी काढलेली गाय उभी राहते आणि आज हंबरलात का, अशी चौकशी करते. काकूंना स्वयंपाकघरातून बोलावून ती दाखवली गेली. बिलं अजून निघायची होती.

दादाच्या पंथात नवख्याच्या प्रश्नाला एक चार अक्षरी इंग्रजी उत्तर आहे. अर्थ ‘मॅन्युअल वाच’ असा, पण त्यातलं तिसरं अक्षर वडीलधाऱ्यांसमोर उच्चारण्यासारखं नाही. दादा संस्कारी. तो म्हणतो, “काका, एकदा मॅन पेज बघा ना.” काका बघतात. तिथे सगळं असतं, फक्त त्यांच्या प्रश्नाचं उत्तर कुठे आहे तेवढं कळत नाही. शिवाय त्याने एडिटर म्हणून विम लावून दिला, जिथे साधा नॅनो पुरला असता. विममधून बाहेर कसं पडायचं, हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांवर वेळा पाहिला गेला होता. काकांनी तोही शोधला नाही. त्यांनी बॅटरी काढली.

घड्याळाची भानगड वेगळीच. काकांनी हिशेबासाठी एका कोपऱ्यात विंडोज ठेवलं होतं. लिनक्स यंत्राच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ धरतं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजतं. त्यामुळे लिनक्सवरून विंडोजमध्ये गेलं की भारतात घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. पाण्याच्या टँकरची बैठक साडेअकराला होती. काकांच्या स्क्रीनवर सहा वाजले होते, म्हणून त्यांनी आणखी एक चहा टाकला. दुरुस्ती एका ओळीची. तिच्याआधीचं ग्रिनिचवरचं व्याख्यान चाळीस मिनिटांचं.

खरा कस लागला तो नोटिसांपाशी. काकांच्या पंधरा वर्षांच्या मराठी नोटिसा जुन्या, युनिकोडपूर्व फाँटात. उघडल्या तर ‘पाणी जपून वापरा’ च्या जागी नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. इथे दादाने तोंड मिटलं. दोन रविवार बसून त्याने फायली युनिकोडमध्ये आणल्या, रेड हॅटने २००४ मध्ये मोकळे केलेले लोहित फाँट बसवले, ‘के’ दाबलं की ‘क’ उमटेल असा कळफलक लावला आणि ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र नीट दिसतोय ना, हे काकांच्या चष्म्यातून तपासून घेतलं. पैसे विचारले तर म्हणाला, “फ्री म्हणजे फुकट नव्हे काका, फ्री म्हणजे मुक्त.” मग फुकटच केलं.

बिलं अखेर तयार झाली. लिब्रेऑफिसमध्ये, अठ्ठेचाळीस फ्लॅट, एकही बेरीज चुकली नाही. काकांनी प्रिंटचं बटण दाबलं. प्रिंटरचा दिवा लुकलुकला आणि विझला. रात्री अकरापर्यंत दादा ड्रायव्हर शोधत राहिला. कंपनीने तो धड दिलेला नव्हता, आणि सोर्स कोड अर्थातच नव्हता. काका हळूच म्हणाले, “तुझ्या त्या स्टॉलमनसारखंच झालं की रे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभे होते. दादाची नजर दुकानदाराच्या स्क्रीनवर गेली आणि त्याला राहवेना.

“दादा, हे अजून विंडोज सेव्हन? याचा सपोर्ट २०२० मध्येच संपला. तुम्हाला सांगतो, एमआयटीमध्ये एक प्रिंटर होता…”

“सिंगल का बॅक टू बॅक?” दुकानदाराने विचारलं.