सरकारी वाणसामान

मागणी वाढली की भाव चढतो, असं अर्थशास्त्र सांगतं. सरकारी किराण्यात निवडणूक जवळ आली की भाव उतरतो. अन्नसुरक्षा कायद्याचा तांदूळ 3 रुपये किलो होता, गहू 2 रुपये. जानेवारी 2023 पासून दोन्ही फुकट. आता याहून स्वस्त करायचं तर गिऱ्हाइकालाच पैसे द्यावे लागतील. (तेही सुरू झालंय म्हणा, दुसऱ्या खात्यातून.)

2022च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारचा ‘आनंदाचा शिधा’ आला. 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, पामतेल. वर पिशवीवर नेत्यांचे हसरे फोटो, बिनमोल. काही ठिकाणी दिवाळी वेळेवर आली, पिशवी नाही. पुढे तिजोरीला ओढ लागली आणि 2025च्या गणपतीत आनंद स्थगित झाला.

गंमत म्हणजे, रास्त भाव दुकान सरकारी, पण ते चालवणारा बहुधा खासगी. त्याचं मार्जिन क्विंटलमागे 150 रुपये होतं, ते 2025मध्ये 170 केलं. किलोला 1 रुपया 70 पैसे! त्यातून जागाभाडं, वीज, हमाली भागवायची आणि ई-पॉस मशीनला रेंज येईपर्यंत रांगेच्या शिव्या खायच्या. त्या शिव्यांना मात्र कोटा नाही.