पहिला संशयित कांदा

१९५५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना झटका आला, तेव्हा सगळ्यात आधी पकडला गेला तो कांदा. ड्वाइट आयझेनहॉवर डेन्व्हरला सुट्टीवर होते. २३ तारखेला दिवसभर गोल्फ, मधूनमधून परराष्ट्रमंत्र्यांच्या फोनसाठी क्लबात हेलपाटे, फोन धड लागेना म्हणून चढलेला पारा, आणि जेवायला कच्च्या कांद्याच्या चकत्या घातलेला हॅम्बर्गर. दुपारी पोट जड वाटू लागलं. साहेबांनी कांद्याला दोषी ठरवलं. मध्यरात्र उलटल्यावर छातीत कळा येऊ लागल्या, तेव्हा पत्नी मेमीबाईंनी आधी पोटाचं पांढरं औषध पाजलं आणि मग डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर आले, मॉर्फिन टोचलं. सकाळी पत्रकारांना सांगण्यात आलं की साहेबांचं पचन बिघडलंय. ईसीजी काढला तो दुपारी, आणि त्यात हृदयविकाराचा झटका स्वच्छ दिसत होता. मग जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाला आधार देत चालवत मोटारीपर्यंत नेलं आणि लष्करी रुग्णालयात पोचवलं.

रोग आपल्याला आधीच कळला होता, असं त्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. काही इतिहासकारांना ते अजून पटलेलं नाही. सोमवारी न्यूयॉर्कचा शेअर बाजार साडेसहा टक्क्यांनी कोसळला. बॉस्टनहून आलेले नामवंत हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी पत्रकार परिषदेत रुग्णाच्या तब्येतीची खडानखडा माहिती दिली, अगदी पोट साफ झाल्याच्या वार्तेसकट. कांद्याची कुणी जाहीर माफी मागितल्याची मात्र नोंद नाही.

उशीर होऊनही आयझेनहॉवर वाचले आणि पुढच्या वर्षी निवडणूकही जिंकले. खरं तर तेव्हा वेळेत पोचून तरी काय मिळणार होतं? रक्त पातळ करायची औषधं होती, बाकी सक्तीची विश्रांती. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन नव्हतं, अँजिओप्लास्टी नव्हती. आज दोन्ही आहेत, तालुक्याच्या गावात ईसीजीचं यंत्र आहे, फुकट येणारी रुग्णवाहिका आहे. तरीही रात्री साडेअकराला मराठी घरात छातीत दुखू लागलं की तपास पुन्हा कांद्यापासूनच सुरू होतो. फार तर आरोपीच्या पिंजऱ्यात जिलबी, मठ्ठा आणि वांग्याची भाजी यांनाही उभं केलं जातं.

असे एक अण्णा प्रत्येक घरात असतात. वय अठ्ठावन्न, साखर थोडी वाढलेली, लग्नाच्या जेवणावरून नुकतेच परतलेले. पलंगाच्या कडेला बसून ते छातीवरून तळवा फिरवतायत.

"काय होतंय हो?"

"काही नाही गं. गॅस धरलाय."

"अहो, बनियन भिजलंय घामानं. जानेवारी आहे!"

"म्हणून म्हटलं ना, पंखा लाव."

इथून पुढे घराचं वैद्यकीय मंडळ कामाला लागतं. आधी ओवा आणि काळं मीठ. मग लिंबू-सोडा. मग फ्रूट सॉल्टची पुडी, जिचा फेस बघून पेशंटपेक्षा नातेवाइकांनाच जास्त बरं वाटतं. मग सासूबाई उठून येतात आणि तान्ह्या बाळाला लावायचं हिंगाचं पाणी अठ्ठावन्न वर्षांच्या मुलाच्या बेंबीभोवती लावतात. पुण्याच्या भाच्याला फोन जातो, कारण तो फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भाचा विचारतो, "मामा, डावा हात दुखतोय का?" डावा हात दुखत नाही. दुखतोय जबडा. पण जबड्याबद्दल कुणी विचारलेलंच नसतं आणि विचारल्याशिवाय सांगायची अण्णांना सवय नसते. एवढ्यात अण्णांना दणदणीत ढेकर येतो आणि घरात निकाल लागल्यासारखा आनंद पसरतो. सुटला एकदाचा गॅस!

ढेकर हे हृदय ठीक असल्याचं प्रमाणपत्र नाही, हे कुठल्याही हृदयरोगतज्ज्ञाला विचारावं. ॲसिडिटीच्या औषधानं दुखणं जरा कमी झालं म्हणून झटका नाही, असंही ठरत नाही. हृदय आणि पोटाचा वरचा भाग यांच्याकडून येणाऱ्या वेदनेच्या नसा मज्जारज्जूत शेजारीशेजारी शिरतात. वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांना मिळून एकच कडी असावी तशी गत. वाजली की मेंदूला कळत नाही, हाक कुणाची ते. त्यातून हृदयाचा खालचा भाग टेकलेला असतो तो पोटाच्या वरच्या पडद्यावरच. त्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की मळमळतं, उलटी होते, पोटात कालवतं, आणि माणूस प्रामाणिकपणे सांगतो की जेवण बाधलं. त्यामुळे अण्णा खोटं बोलत नसतात. अर्थात खरं कळलं असतं तरी त्यांनी 'गॅस'च म्हटलं असतं, कारण गॅस झालेल्या माणसाला सोसायटीच्या मीटिंगला जाता येतं.

मंडळाची बैठक किती लांबते, याचा हिशेबही झालेला आहे. देशभरातल्या २० हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. मोठ्या झटक्याच्या रुग्णांना त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेला मध्यक वेळ निघाला ३६० मिनिटं. सहा तास! एवढ्या वेळात पुण्याहून निघालेला माणूस रमतगमत कोल्हापुरात पोचतो. रुग्णालयाच्या दारातून आत गेल्यावर इंजेक्शन मिळायला लागत होती ५० मिनिटं. म्हणजे सरकारी व्यवस्था, ट्रॅफिक, डॉक्टर या सगळ्यांना यथेच्छ शिव्या घालूनही मोठा वाटा उरतो तो ओवा, सोडा आणि "सकाळी बघू" यांचाच. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा हिशेब १९९६ साली मांडला गेला होता: पहिल्या तासात दिलं तर हजारामागे ६५ जीव जास्तीचे वाचतात, दुसऱ्या तासात ३७, आणि तीन ते सहा तासांच्या दरम्यान २९. सकाळी बघणाऱ्यांसाठी त्या तक्त्यात फारसं काही शिल्लक राहत नाही.

मोबाईल हातात असल्यामुळे हल्ली मंडळाला बाहेरचे सल्लागारही मिळतात. "झटका आल्यासारखं वाटलं तर जोरजोरात खोका" हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. अमेरिकन हार्ट असोसिएशनने घरगुती उपाय म्हणून तो साफ नाकारलाय, पण असोसिएशन आपल्या फॅमिली ग्रुपवर नाही. शेजारचे काका आपली जिभेखाली ठेवायची गोळी मोठ्या मनानं देऊ करतात. त्या गोळीनं रक्तदाब झपकन उतरू शकतो आणि काही प्रकारच्या झटक्यांत तो उतरणं जिवावर बेततं, हे काकांच्या डॉक्टरांनी काकांना सांगितलेलं असतं. काकांनी ते ऐकलेलं नसतं. गंमत म्हणजे या रोगात जिची उपयुक्तता खणखणीत सिद्ध झालीय ती साधी ॲस्पिरिन. १७ हजारांवर रुग्णांच्या १९८८ च्या अभ्यासात तिनं पहिल्या पाच आठवड्यांतले मृत्यू जवळजवळ चौथा हिस्सा कमी केले होते. ती प्रत्येकाला चालते असं नाही, म्हणून फोनवर डॉक्टरला किंवा रुग्णवाहिकेच्या माणसाला विचारायची. पण पाच प्रकारची चूर्णं असलेल्या डब्यात ती नसते, आणि विचारायचं तर आधी रुग्णवाहिकेला फोन करावा लागतो.

तो फोन करणं हे मराठी मध्यमवर्गाला फार जड जातं. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. ती मोफत आहे, गाडीत डॉक्टर असतो, ऑक्सिजन असतो. पण ती वाजत येते! साडेबारा वाजता सोसायटीच्या फाटकात निळा दिवा फिरला की दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरपासून पार्किंगपर्यंत सगळे विषय मागे पडणार. म्हणून अण्णा म्हणतात, "कशाला गाजावाजा? आपली गाडी आहे ना." लॅन्सेटच्या त्या पाहणीतही रुग्णवाहिकेनं आलेले रुग्ण शंभरात पाचेक. बाकीचे रिक्षा, जीप, बस, मोटारसायकल. अण्णा आधी अंघोळ करतात, कारण दवाखान्यात असं पारोसं कसं जायचं. मग इस्त्रीचा शर्ट. मग २०१९ ची फाइल, मग रेशनकार्ड. लिफ्ट बंद, म्हणून तीन मजले पायी. आणि शेवटी किल्ली घेऊन स्वतःच चालकाच्या जागेवर बसतात, कारण मुलगा रात्रीचा नीट चालवत नाही.

रेशनकार्डावर हसू नये. बिलाची भीती खोटी नाही. झटक्यापेक्षा बिलानं झोपलेली घरं सगळ्यांच्या ओळखीत असतात. पण २०१७ च्या फेब्रुवारीत स्टेंटच्या किमतींवर केंद्र सरकारनं मर्यादा घातली आणि लाखाच्या वर विकला जाणारा औषधी स्टेंट तेव्हा तीस हजारांच्या आत आला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. आणि कार्ड सकाळीही नेऊन दाखवता येतं, या एका कामाला "सकाळी बघू" खरोखर चालतं. ते सोडून बाकी सगळी कामं सकाळवर ढकलली जातात.

अण्णांचं निदान कांद्यावर तरी येऊन थांबतं. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, बाबतीत एवढाही तपास होत नाही. पंधरा दिवस जिना चढताना त्यांना धाप लागतेय, पाठीत दोन्ही खांद्यांच्या मधे ओढ लागते, भांडी घासून झाली की दरदरून घाम येतो. छातीत कळ अशी नाही. बायकांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये झटका असाच आडमार्गानं येतो बऱ्याचदा: धाप, मळमळ, कमालीचा थकवा, जबडा किंवा पाठ. काकूंना मधुमेह आहे, म्हणजे दोन्ही खाती त्यांच्या नावावर. घराचं निदान: "हल्ली फार दगदग करतेस तू." उपाय: "जरा पड." काकू पडत नाहीत, कारण पडलं तर पोळ्या कोण करणार, हा प्रश्न निदान करणाऱ्यांपैकी कुणीही सोडवलेला नसतो. गुरुवारी उपास, शनिवारी नणंदेकडे बारसं, सोमवारी नातवाची परीक्षा. दुखणं अंगावर काढायला कॅलेंडरवर जागा असते, दाखवायला नसते. काकूंना डॉक्टरकडे नेलं जातं ते गुडघ्यासाठी, आणि तेही अण्णांच्या बीपीच्या तपासणीला जाताजाता.

मेंदूचा झटका आला तर मंडळाचं काम आणखी सोपं. तोंड एका बाजूला वाकडं झालं, हातातून कप निसटला, बोबडी वळली, की "मानेखाली हात घेऊन झोपले असतील" किंवा "वारं गेलंय". कुठे तेलानं मालीश, कुठे कबुतराच्या रक्ताची. नेमक्या अशा वेळी दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरत असतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेलाय. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायला मुदत साडेचार तासांची, आणि त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून कळत नाही. इथे घरच्या घरी ॲस्पिरिन देणं हाही घातच. आणखी एक लबाडी हा रोग करतो. कधीकधी दहा-पंधरा मिनिटांत हात पूर्ववत होतो, जीभ सरळ चालते आणि घरचे पेढे वाटतात. मोठा झटका येण्याआधीची ती सूचना असते. पेढे खाल्ल्यावर तिला कुणी विचारत नाही.

समजा, सुनेनं आवाज चढवला आणि अण्णांना वेळेत नेलं. दारात पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे, असा नियम आहे. निघाला आणि नॉर्मल आला! घराचा चेहरा पाहण्यासारखा होतो. सुनेनं उगाच रात्रीची झोप मोडली. पहिला ईसीजी नॉर्मल असूनही झटका असू शकतो, म्हणून डॉक्टर तो पुन्हा काढतात, रक्तातलं ट्रोपोनिन बघतात आणि काही तासांनी परत बघतात. घरच्यांच्या भाषेत याला लुबाडणं म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं स्वच्छ निघून अण्णा घरी आले, की भेटायला येणारे पहिला प्रश्न विचारतात, "मग काही निघालंच नाही?" स्वरात किंचित निराशा. बिलाचा आकडा विचारला जातो, तो ऐकून जीभ चावली जाते, आणि "गॅसच असणार, मी तेव्हाच म्हटलं होतं" असं म्हणणारे किमान तिघे निघतात.

त्यातले एक शेजारचे काका, गोळी देऊ करणारे तेच. तीन मजले चढून आल्यामुळे त्यांना दम लागलाय. खुर्चीत टेकल्यावर ते छातीवर मूठ दाबून थोडा वेळ गप्प बसतात. सून विचारते, "काका, काय होतंय?"

"काही नाही गं, दोन आठवडे झाले, जिना चढला की असं होतं. बसलं की थांबतं. दिवाळी होऊ दे, मग दाखवतो."

दिवाळीला दहा महिने आहेत. सून जागेवरच फोन उघडून उद्या सकाळची साडेनऊची वेळ घेते. काका म्हणतात, उद्या नको, उद्या टँकरवाला येणार आहे.