स्वीटगमचा मालक

नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावात ज्या मराठी माणसाच्या परसात स्वीटगमचं झाड आहे, त्याच्याकडे कधी जायचं हे कॅलेंडर बघून ठरवावं.

ऑक्टोबरात गेलात तर चहाआधी झाड. चांदणीसारखं पाच टोकांचं पान तो तोडतो, चुरगळतो आणि थेट तुमच्या नाकाशी धरतो. "घ्या वास! लिनिअसनं १७५३ साली लिक्विडांबर हे नाव काय उगीच दिलं?" एकाच फांदीवर पिवळा, लाल, जांभळा. मेपल बघायला व्हरमाँटची तिकिटं काढणाऱ्यांची त्याला कीव येते. लूना पतंगाच्या अळ्या, बिया टिपणारे गोल्डफिंच, सगळ्यांची हजेरी तो घरच्या माणसांसारखी सांगतो.

फेब्रुवारीत तोच माणूस कमरेवर हात ठेवून उभा असतो. गवतात, गटारीत, ड्राइव्ह-वेवर गमबॉल. सुपारीहून थोरलं, तपकिरी, वाळकं बोंड. बी केव्हाच उडून गेलेलं, उरलेल्या नुसत्या चोची. अनवाणी पाय पडला तर सराटा बरा वाटतो. स्लिपरखाली आलं तर बोंड पुढे जातं आणि यजमान खाली बसतात. बोंडं दाताळ्याला दाद देत नाहीत. ब्लोअरनं ढकलली तर शेजाऱ्याकडे जातात आणि शेजारी ती शांतपणे परत पाठवतो.

सांगलीहून आलेल्या आईनं विचारलं, "फळ खातात का रे याचं?"
"नाही."
"मग ठेवलंय कशाला?"
"आई, आपला शिलारस याच्याच चुलतभावाचा!"
"मग त्याला बोलाव झाडायला."

उपाय त्याला सगळे पाठ आहेत. जवळजवळ फळच न धरणारी गोल पानांची जात १९३० साली याच राज्यात सापडली, हे तो हळहळत सांगतो. पण त्याचं झाड घराच्याही आधीचं. फळ धरू नये म्हणून फवारणी असते, ती ऐन मोहोरात व्हावी लागते, आणि नेमका त्याच शनिवारी मंडळाचा पाडवा. (नाटकात काम त्याचंच.) एकदा सोनेरी रंग देऊन गणपतीचं मखर गमबॉलचं केलं. दोन बादल्या लागल्या. झाडाखाली फरक दिसला नाही.

मुळांनी ड्राइव्ह-वेची फरशी उचलली, तेव्हापासून मात्र "तोडायचंच" असं तो दर मार्चात जाहीर करतो. अर्ज देतो. तिकडे सोसायटीला एचओए म्हणतात, पण कारभार आपल्यासारखाच. शंका, खुलासा, पुन्हा अर्ज. परवानगी हातात पडून झाडतोड्या दारी येईतो ऑक्टोबर उजाडतो.

आजवर असे तिघं येऊन, पानाचा वास घेऊन आणि चहा पिऊन परत गेलेत.